चेतातंतूला वाट कोण दाखवतं?

शेवंती (धागाकर्ती)

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. चेतापेशीची आकृती फळ्यावर काढून वीस वर्षं होतील: पेशीकाय, शिखातंतू, लांबलचक अक्षतंतू, टोकाला फांद्या. गेल्या आठवड्यात एका मुलीने विचारलं, "बाई, हा लांब तंतू आधीपासूनच तिथे असतो की वाढत जातो?" वाढत जातो म्हटलं. "मग त्याला कसं कळतं कुठे जायचं ते?"

"जनुकांमध्ये लिहिलेलं असतं" असं सांगितलं आणि तेवढ्यात घंटा झाली. ते उत्तर तेव्हापासून मलाच टोचतंय. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आणि प्रथिनं बनवणारी जनुकं जेमतेम २०,०००. प्रत्येक तंतूचा पत्ता लिहून ठेवायला एवढी जागा कुठून आणायची? पायाच्या बोटांना हलवणारा तंतू पाठीच्या कण्यातल्या पेशीतून निघतो, वाटेत कितीतरी स्नायू लागतात, तरी तो नेमक्या आपल्याच स्नायूपाशी थांबतो. कसा?

संकेत, सिग्नलिंग पाथवे, रिसेप्टर हे शब्द वाचले आहेत, पण त्यांच्या पलीकडे काही हाती लागलं नाही. या विषयात काम करणारे काही सभासद इथे आहेत. सोमवारी वर्गात सांगता येईल असं उत्तर हवंय. सोपं असू दे, पण सोपं करायच्या नादात खोटं झालेलं नको.

माशीवाला

शेवंतीताई, आधी त्या मुलीला शाबासकी द्या. मी फळमाशीच्या गर्भातली चेतासंस्था कशी घडते यावर काम करतो, आणि आमच्या प्रयोगशाळेत रोज याच प्रश्नाचा कुठला ना कुठला तुकडा टेबलावर असतो.

१८९० मध्ये सांतियागो रामोन ई काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाला कोंबडीच्या गर्भाच्या मज्जारज्जूत वाढत्या अक्षतंतूंच्या टोकाशी एक पसरट, फुगीर भाग दिसला. त्याच्यासमोर होते ते रंगवलेले, मृत काप. जिवंत काही पाहायची सोयच नव्हती. तरी त्याने ताडलं की हे टोक चालतं, चाचपडतं आणि त्याला रसायनांचा वास लागतो. त्याला त्याने ग्रोथ कोन म्हटलं. मराठीत वाढीचं टोक म्हणू. पुढे १९०७ मध्ये रॉस हॅरिसनने बेडकाच्या गर्भातल्या मज्जानलिकेचा तुकडा लसिकेच्या थेंबात लटकवून ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तंतू खरोखरच पुढे सरकताना पाहिला. काहाल बरोबर निघाला.

हे टोक म्हणजे पसरलेल्या तळहातासारखं. त्यातून बारीक बोटं सतत बाहेर येतात, आजूबाजूला चाचपतात आणि पुन्हा आत ओढली जातात. बोटांच्या आत ॲक्टिन या प्रथिनाचे धागे असतात. ते पुढच्या कडेला जोडले जातात, मागच्या बाजूला सुटतात. टोकाच्या पृष्ठभागावर रिसेप्टर असतात, म्हणजे बाहेरचे ठरावीक रेणू पकडणारी प्रथिनं. समजा उजवीकडून 'इकडे ये' असा रेणू आला, तर उजव्या बाजूचे रिसेप्टर आतमध्ये रॅक आणि सीडीसी४२ नावाचे खटके चालू करतात. त्या बाजूला ॲक्टिन जास्त बांधलं जातं, बोटं टिकतात, मागून मायक्रोट्यूब्यूलचा कणा तिकडे सरकतो आणि तंतू उजवीकडे वळतो. 'जा' असा रेणू असेल तर बहुतेक वेळा ऱ्हो-ए नावाचा खटका चालू होतो. मग ॲक्टिनचे धागे ओढणारं मायोसिन हे प्रथिन त्या बाजूचं जाळं आवळतं आणि ती बाजू कोसळते.

तर जनुकांत नकाशा नाही. जनुकांत आहे ती टोकाची चाचपण्याची रीत आणि वाटेवरच्या पेशींनी कुठे काय सोडायचं याचे नियम.

टिटवी

किती छान समजावलंत! वाचतेय. अजून लिहा.

शब्दवेध

विज्ञान माझा प्रांत नाही, पण या धाग्यावर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तंतूला वाट दाखवणाऱ्या एका प्रथिनाचं नाव आहे नेट्रिन. ते नाव संस्कृतवरून घेतलंय. नेतृ म्हणजे नेणारा. १९९४ मध्ये शोध लावणाऱ्यांनीच तसं स्पष्ट लिहिलंय. आपला नेता त्याच शब्दातून आला. 'नी' धातू, नेणे.

माशीवाला

शब्दवेध, अगदी खरं! हे नाव इंग्रजीत उच्चारताना मला दरवेळी आनंद होतो. सॅन फ्रान्सिस्कोतल्या मार्क टेसिए-लव्हीन यांच्या गटाने हजारो कोंबडीच्या गर्भांचे मेंदू गोळा करून, वाटून, गाळून ते शुद्ध केलं होतं. आणि जनुकाचा क्रम वाचला तर ते सूक्ष्म कृमीतल्या एका आधीच ठाऊक असलेल्या प्रथिनाचंच भावंड निघालं. कृमीत ते बिघडलं की कृमी नीट सरपटत नाही, म्हणून त्याचं नाव अनकोऑर्डिनेटेडवरून अंक-६. एक मिलिमीटरचा कृमी आणि कोंबडी, दोघांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, पण वाटाड्या तोच.

शब्दवेध

मग अजून एक विचारतो. नेत्र हा शब्दही त्याच धातूतून आला आहे. जो नेतो तो नेत्र. नेट्रिनचा डोळ्याशी काही संबंध आहे का?

माशीवाला

आहे! डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींचे तंतू जिथून एकत्र बाहेर पडतात, त्या भोकाच्या कडेलाच नेट्रिन असतं. ज्या उंदरांत नेट्रिन किंवा त्याचा रिसेप्टर नसतो, त्यांचे बरेच तंतू त्या दारापर्यंत पोहोचतात, पण बाहेर न पडता डोळ्यातच भरकटतात. दृष्टीची चेता बारीक राहते. नाव ठेवताना कुणाच्या मनात डोळा नव्हता. तो दुवा काही वर्षांनी, १९९७ मध्ये कळला.

गणिती

एक शंका. हे टोक साधारण १० मायक्रॉन रुंद. रेणू लांबून पसरत येतोय. म्हणजे टोकाच्या एका कडेला आणि दुसऱ्या कडेला त्याच्या प्रमाणात फरक असणार तो फार तर काही टक्क्यांचा. त्यात रेणू सतत इकडेतिकडे धडपडत असतात, म्हणजे गोंगाटच जास्त. एवढ्याशा फरकावरून दिशा ओळखणं मला पटत नाही. आकडेमोड करून पाहिली तर चुकायची शक्यता खूप आहे.

कोळीष्टक

गणिती यांच्याशी सहमत. शिवाय मला वाटतं की रसायनांना जरा जास्तच श्रेय दिलं जातंय. खरी जोडणी वापरातून होते. आधी सगळं सगळ्याला जोडलं जातं, मग जे वापरलं जातं ते टिकतं, बाकीचं गळतं. बाळं शिकतात ती अशीच.

माशीवाला

आधी गणिती. शंका रास्त आहे, आणि टोक खरंच चुकतं. चित्रफितीत पाहिलं तर ते सरळ जात नाही, डावं-उजवं हेलकावत जातं. पण ते एका क्षणाच्या मोजमापावर भरवसा ठेवत नाही. हजारो रिसेप्टर, त्यांची काही काळाची सरासरी, आणि वर आतली साखळी छोट्या फरकाला मोठं करते. जी बाजू जराशी पुढे असते ती दुसऱ्या बाजूला दाबते. रेणूचं प्रमाण एकूणच वाढलं की टोक आपली संवेदना खाली आणतं, म्हणजे पुढचा फरक पुन्हा जाणवतो. अंधारातून उजेडात गेल्यावर डोळा सरावतो तसं.

दुसरं म्हणजे, लांबचा प्रवास एका दमात करायचाच नसतो. नाकतोड्याच्या गर्भातल्या पायात सगळ्यात आधी निघणारे दोन तंतू वाटेतल्या ठरावीक पेशींना शिवत शिवत पुढे जातात. १९८३ मध्ये त्या वाटेतल्या पेशी मुद्दाम मारून पाहिल्या, तर तंतूंची दिशा हरवली. मैलाच्या दगडांसारखं समजा. एका दगडापासून पुढचा दिसला म्हणजे झालं. आणि हे पहिले तंतू गेले की मागचे बरेचसे त्यांना धरून जातात.

कोळीष्टक यांना रात्री उत्तर देतो. गर्भ गोळा करायची वेळ झाली.

हिरवाचाफा

मी चेताविज्ञानात पीएचडी करतेय. माशीवाला येईपर्यंत कोळीष्टक यांना मी उत्तर देते, चालेल ना?

तुमचं म्हणणं फार जुनं आणि सन्माननीय आहे. १९४० च्या आधी बऱ्याच जाणकारांचं तेच मत होतं. त्याला धक्का दिला रॉजर स्पेरीने. बेडकाची दृष्टीची चेता कापली तर ती पुन्हा वाढते. स्पेरीने चेता कापली आणि डोळा १८० अंशांनी फिरवून बसवला. तंतू पुन्हा मेंदूपर्यंत गेले. वापरातून जोडणी होत असती तर बेडूक हळूहळू नीट पाहायला शिकला असता. शिकला नाही. किडा वर असला की तो खाली झेप घ्यायचा, पुढे असला की मागे वळायचा, आणि तसाच आयुष्यभर. म्हणजे प्रत्येक तंतू आपल्या जुन्या जागी परतला होता, ती जागा आता उपयोगाची असो वा नसो. स्पेरीने १९६३ मध्ये मांडलं की तंतूंवर आणि लक्ष्यावर रासायनिक खुणा असल्या पाहिजेत. त्या सापडायला तीस वर्षं गेली. १९९५ मध्ये एफ्रिन नावाची प्रथिनं हाती आली. डोळ्याचे तंतू मेंदूच्या ज्या भागात पोहोचतात, तिथे मागच्या टोकाला एफ्रिन दाट, पुढे विरळ. डोळ्याच्या पडद्याच्या एका कडेच्या तंतूंवर त्यांचे रिसेप्टर खूप, दुसऱ्या कडेला कमी. ज्याच्यावर रिसेप्टर जास्त तो एफ्रिनपासून लवकर माघार घेतो आणि पुढेच थांबतो. दोन उतार एकमेकांसमोर ठेवले आणि लाखो तंतूंची रांग लागली! शेवंतीताई, एवढ्या कमी जनुकांत कसं भागतं याचं मला आवडलेलं उत्तर हे आहे.

त्याहून ठाम पुरावा २००० मधला. उंदरात एक प्रथिन काढून टाकलं, त्यामुळे चेतापेशींना एकमेकींकडे रासायनिक निरोप सोडताच येईना. मेंदू पूर्ण मुका. तरी जन्मापर्यंत त्याचे थर, तंतूंचे पट्टे, जोडण्यासुद्धा जागच्या जागी तयार झाल्या होत्या. नंतर मात्र त्या पेशी मरत गेल्या.

कोळीष्टक

हे बेडकाचं माहीत नव्हतं. वाचून जरा वाईटही वाटलं त्या बेडकाबद्दल. पण "नंतर मरत गेल्या" यातच माझा मुद्दा नाही का आला?

हिरवाचाफा

आला, आणि तो मला मान्य आहे. वाट रसायनं दाखवतात, मुक्कामावर पोहोचल्यावर कोण राहणार आणि कुठल्या फांद्या छाटायच्या हे वापर ठरवतो. जन्माआधी डोळ्याच्या पडद्यात आपोआप विजेच्या लाटा उठतात, डोळे उघडलेलेही नसतात तेव्हा. ढोबळ जोडणी त्यातून रेखीव होते. मी फक्त "आधी सगळं सगळ्याला" याला नाही म्हणतेय.

टिटवी

डोळे उघडायच्या आधी लाटा! हे मी आज झोपताना आठवत बसणार.

पुनर्नवा

मी एरवी फक्त वाचते. आज लिहिते, कारण हा धागा माझ्या हातातून चाललाय.

चार महिन्यांपूर्वी काच लागून डाव्या मनगटाशी करंगळीकडची चेता पूर्ण तुटली. शस्त्रक्रियेत ती शिवली. शिवल्यावर पहिल्यांदा गेले त्या ठिकाणी मला कुणीच काही समजावलं नाही. "वेळ लागेल" एवढंच. मला वाटायचं, वायर जोडली तर दिवा लागायला हवा, मग करंगळी मेलेलीच का? नंतर दुसऱ्या एका थेरपिस्टने मनगटापासून पुढे बोटाने टकटक करत नेलं आणि एका जागी करंगळीत झिणझिणी आली. म्हणाली, "तंतू इथपर्यंत आलाय. दिवसाला साधारण एक मिलिमीटर." त्या दिवसापासून मी तळहातावर पेनाने खूण करते. माझ्या शिवणीपासून करंगळीचं टोक साधारण १६ सेंटिमीटरवर आहे.

माझा प्रश्न: माझ्या हातातल्या तंतूलाही ते तसंच टोक आहे का? आणि त्याला गर्भातल्यासारखी वाट कोण दाखवतंय? मी तर आता चाळिशीची आहे.

टाकादोरा

पुनर्नवा, मी हाताच्या शस्त्रक्रिया करतो. तुम्हाला हे आधीच सांगायला हवं होतं. प्रत्येक रुग्णाला सांगायला हवं.

चेता ही वायर नाही. तुटल्यावर पुढचा सगळा भाग मरतो, कारण त्याचा जीव मागे मज्जारज्जूजवळच्या पेशीत असतो. आम्ही शिवतो ते फक्त आवरण. तंतू मागच्या टोकातून नव्याने वाढतो, आणि हो, त्याच्या अग्रभागी तेच टोक असतं. पुढच्या मेलेल्या भागात श्वान (Schwann) पेशी, म्हणजे तंतूंना गुंडाळणाऱ्या आधारपेशी, जिवंत राहतात. त्या जुना कचरा साफ करतात, रांगेने उभ्या राहून पोकळ वाटा तयार ठेवतात आणि तंतूंना पोसणारी प्रथिनं सोडतात. तुमच्या हातात आत्ता त्या पेशी वाट पाहत उभ्या आहेत.

पण गर्भातल्याइतकी अचूकता नसते. तंतू शेजारच्या नळीत शिरू शकतो. त्यामुळे अनामिकेला हात लावला आणि करंगळीत जाणवलं, असं झालं तर घाबरू नका. त्या वेळी तुमचा मेंदू नव्या जोडणीला सरावतो, त्यासाठी डोळे मिटून वस्तू ओळखायचे व्यायाम देतात. ते टाळू नका. आणि तोवर त्या भागाला चटका किंवा जखम होऊ देऊ नका, कळणार नाही.

पुनर्नवा

त्या वाट पाहत उभ्या आहेत, हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलंय. मनापासून आभार. आजची खूण तळहाताच्या मधोमध आहे.

बोथटबोरू

मग ज्यांच्या पाठीच्या कण्याला मार लागतो त्यांचे तंतू का नाही वाढत? माझ्या आत्याला अपघातानंतर पायात काहीच नाही. नऊ वर्षं झाली. आणि चेता वाढवणारं प्रथिन सापडलंय ना, एनजीएफ, ते टोचून का देत नाहीत?

टाकादोरा

आत्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. उत्तर सरळच देतो.

एनजीएफचा शोध हीच एक विलक्षण कथा आहे. रीता लेव्ही-मोंताल्चिनी ज्यू असल्यामुळे मुसोलिनीच्या कायद्याखाली तिला विद्यापीठातून काढलं. तिने तुरीनला घरच्या झोपण्याच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि युद्धाच्या काळात कोंबडीच्या गर्भांवर काम केलं. पुढे अमेरिकेत स्टॅन्ली कोहेनबरोबर ते प्रथिन सापडलं. १९८६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. गर्भात गरजेपेक्षा कितीतरी जास्त चेतापेशी तयार होतात. लक्ष्यापाशी मोजकंच एनजीएफ असतं. ज्याचा तंतू तिथे पोहोचून ते उचलतो, तो ते रिसेप्टरसकट एका पिशवीत घालून मागे पेशीकेंद्रकापर्यंत पाठवतो: पोहोचलो, जगू दे. ज्याला मिळत नाही ती पेशी मरते.

पण ते मुख्यतः वेदना वाहणाऱ्या आणि सिंपथेटिक (हृदयाचे ठोके, घाम अशा आपोआप चालणाऱ्या क्रियांच्या) पेशींचं प्रथिन आहे. मोठ्या माणसात टोचलं तर दुखतं. मधुमेहाने चेता खराब झालेल्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली, फायदा दिसला नाही. उलट तेच अडवून वेदना कमी करता येतात का, हेही पाहिलं गेलं. वेदना कमी झाल्या, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजले.

मज्जारज्जूबद्दल हिरवाचाफा जास्त नीट सांगेल.

हिरवाचाफा

काहालच्या काळापासून वाटायचं की मेंदू आणि मज्जारज्जूतल्या पेशींना पुन्हा वाढताच येत नाही. १९८१ मध्ये डेव्हिड आणि अग्वायो यांनी उंदराच्या मज्जारज्जूला पायातल्या चेतेचा तुकडा जोडला. मज्जारज्जूतले तंतू त्या तुकड्यात शिरले आणि ३ सेंटिमीटरपर्यंत वाढले! म्हणजे वाढायची ताकद होती, जमीन नको म्हणत होती. मज्जारज्जूतल्या वेष्टनात वाढ थोपवणारी प्रथिनं असतात, जखमेभोवती व्रण तयार होतो त्यातही. आणि ती प्रथिनं टोकाच्या आत पुन्हा ऱ्हो-ए चालू करतात, माशीवाल्यांनी सांगितलेला तोच खटका.

पण फक्त जमिनीला दोष देऊन भागत नाही. वय वाढलं की पेशीही बदलते. एमएजी नावाचं वेष्टनातलं प्रथिन कोवळ्या चेतापेशीची वाढ वाढवतं आणि प्रौढ पेशीची थांबवतं. प्रथिन तेच. पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू वयानुसार कमी होतो, त्यामुळे ती त्याचा अर्थ उलटा लावते. २००८ मध्ये उंदराच्या डोळ्यातल्या पेशींतून पीटेन नावाचं एक लगाम लावणारं प्रथिन काढलं, तेव्हा प्रौढ वयातही दृष्टीचे तंतू वाढले. उंदरात. बोथटबोरू, तुमच्या आत्यांसाठी आज यातलं काही औषध म्हणून हाती नाही. खोटी आशा लावणाऱ्या, पैसे घेऊन पेशी टोचणाऱ्या ठिकाणांपासून त्यांना जपा, एवढी कळकळीची विनंती.

बोथटबोरू

एकदा तशा ठिकाणी जाऊन आलो आहोत. खरं सांगितल्याबद्दल आभार.

गणिती

"प्रथिन तेच, अर्थ उलटा" यावर थांबलोय. म्हणजे 'ये' आणि 'जा' हे रेणूवर लिहिलेलं नसतं?

माशीवाला

नसतं. एवढी एक गोष्ट या धाग्यातून कळली तरी पुष्कळ.

१९९७ मध्ये मू-मिंग पू यांच्या गटाने बेडकाच्या चेतापेशींना बारीक नळीतून नेट्रिन दिलं. टोकं नळीकडे वळली. मग पेशीतली सायक्लिक एएमपीची साखळी अडवली आणि तेच नेट्रिन पुन्हा दिलं. टोकं उलट दिशेला वळली. दोन वर्षांनी क्रिस्टीन होल्ट यांच्या गटाने दाखवलं की पायाखाली लॅमिनिन हे पेशींबाहेरच्या जाळ्यातलं प्रथिन भरपूर असेल तर डोळ्याच्या तंतूंना तेच नेट्रिन नकोसं होतं. डोळ्यातून बाहेर पडायच्या दारावर लॅमिनिन असतं. आकर्षणाने तिथवर आलेला तंतू तिथेच अडकून न राहता पुढे जावा, याची सोय ती असावी. रिसेप्टरही बदलतो. नेट्रिनचा डीसीसी हा रिसेप्टर एकटा असेल तर बहुधा ओढ, सोबत अंक-५ हा दुसरा रिसेप्टर असेल तर दूर सारणं.

म्हणून मी मुद्दाम 'ये म्हणणारा रेणू' असं फार म्हणत नाही. वर म्हटलं होतं, ते सोपं करण्यासाठी. रेणू फक्त "मी इथे आहे" म्हणतो.

हिरवाचाफा

माशीवाला, मग एक दुरुस्ती मीही सुचवते. पुस्तकातलं चित्र असं की मज्जारज्जूच्या तळाशी मधोमध असलेल्या पेशी नेट्रिन सोडतात, ते लांबवर पसरतं आणि तंतू त्याच्या वासाने खाली येतात. २०१७ मध्ये दोन गटांनी उंदरात फक्त त्या तळाच्या पेशींतलं नेट्रिन काढलं आणि तंतू जवळजवळ नीटच खाली आले. वाटेच्या बाजूच्या पेशींतलं काढलं तेव्हा भरकटले. त्या पेशी नेट्रिन कडेला पसरवून ठेवतात आणि तंतू त्याच्या लगत चालतो. लांबून येणाऱ्या वासापेक्षा पायाखालची पायवाट.

माशीवाला

मान्य. मी अजूनही शिकवताना जुनं चित्र काढतो, ते बदलायला हवं. तळाच्या पेशींचा थोडा वाटा असतो असं पुढच्या कामात आलंय, आणि त्याच जागेवरून सॉनिक हेजहॉग हाही रेणू ओढतो. पण पायवाटेचं म्हणणं बरोबर आहे. गणिती, तुमची मूळ शंकाही त्यामुळे बरीच सौम्य होते.

टिटवी

सॉनिक हेजहॉग? व्हिडिओ गेममधला?

माशीवाला

तोच. माशीत हेजहॉग जनुक बिघडलं की अळीच्या अंगावर साळिंदरासारखे काटे दिसतात. पृष्ठवंशीयांतल्या भावंडाला खेळातलं नाव मिळालं.

शेवंती (धागाकर्ती)

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. आज सोमवार, वर्गाचा वृत्तांत देते.

मुलांना रांगांत उभं केलं. त्या मुलीचे डोळे बांधले, ती तंतूचं टोक. दोन्ही बाजूंना मुलं. काहींनी टाळी वाजवायची, काहींनी पाय आपटायचे. टाळीकडे जायचं, आपटण्यापासून दूर. वर्गाच्या मधोमध एक मुलगा टाळी वाजवणारा, त्याला ओलांडून पलीकडच्या भिंतीला पोहोचायचं. मला वाटलं जमेल. ती त्या मुलापर्यंत सरळ गेली आणि त्याच्यापाशीच थांबली. मी म्हटलं, पुढे जा. तर म्हणाली, "बाई, हा टाळी वाजवतोय तोवर मी पुढे कशी जाऊ? पुढे गेले की टाळी मागून येणार, मग मला मागेच फिरायला लागेल."

मला उत्तर सुचलं नाही. माशीवाला, हे खेळातलं चुकलं की खरंच असं होतं?

माशीवाला

शेवंतीताई, खेळात काही चुकलं नाही. तिने आमच्या क्षेत्रातला मोठा प्रश्न उभ्या उभ्या शोधून काढला! एका बाजूच्या तंतूने दुसऱ्या बाजूला जाताना शरीराची मधली रेषा ओलांडायची कशी आणि एकदाच कशी ओलांडायची.

कोरी गुडमन यांच्या प्रयोगशाळेत १९९० च्या सुमारास माशीच्या हजारो गर्भांमध्ये असे बिघाड शोधले. एका जातीत तंतू मधली रेषा ओलांडत, परत येत, पुन्हा ओलांडत, गोल गोल फिरत होते. वाहतुकीच्या गोल चौकावरून त्या जनुकाचं नाव राउंडअबाउट, लाडाने रोबो. रोबो हा रिसेप्टर आहे. मधल्या पेशी ओढणाऱ्या नेट्रिनबरोबरच स्लिट नावाचं प्रथिनही सोडतात आणि रोबो असलेल्या तंतूला ते दूर ढकलतं. ओलांडण्याआधी तंतूच्या पृष्ठभागावर रोबो नसतोच. तो बनतो, पण कॉमिशरलेस नावाचं प्रथिन त्याला आतल्या आतच कचऱ्याकडे वळवतं. त्यामुळे तंतूला फक्त ओढ कळते. ओलांडलं की ते प्रथिन थांबतं, रोबो बाहेर येतो, आणि जिथे यावंसं वाटत होतं तिथे थांबवत नाही. परत फिरणंही बंद. पुढचं वळण दुसरे रेणू ठरवतात. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत मेंदूकडे वळायला व्हिंट नावाचं प्रथिन मदत करतं.

माणसातही हे घडतं. काही मुलांत रोबो३ हे जनुक बिघडलेलं असतं. त्यांच्या मेंदूतले प्रमुख पट्टे बाजू बदलत नाहीत, डोळे डावी-उजवीकडे फिरत नाहीत आणि पाठीचा कणा वाकत जातो. डीसीसीतला बिघाड असलेल्या काही माणसांत एका हाताने काही केलं की दुसरा हातही आपोआप तेच करतो.

खेळात एवढंच करा: मधल्या मुलाने टाळी वाजवायची आणि पायही आपटायचे, दोन्ही एकदम. मुलीच्या कानात आधी आपटण्याचा आवाज अडवणारं काहीतरी. त्याला शिवली की ते काढायचं.

गणिती

मधल्या मुलाला काहीही बदलावं लागत नाही, हे फार सुंदर आहे.

पुनर्नवा

खूण ३ मिलिमीटर पुढे गेली. काल रात्री करंगळीच्या मुळाशी पहिल्यांदा थंड पाणी कळलं. अजून नीट नाही, पण काहीतरी आहे.

टाकादोरा

उत्तम! थंड-गरम आणि वेदनेचे तंतू बारीक असतात, ते बहुधा आधी पोहोचतात. स्पर्शाची नजाकत मागून येते. खुणा करत राहा.

शेवंती (धागाकर्ती)

आज पुन्हा खेळलो. कानात कापूस घातला म्हणून आपटण्याचा दबका आवाज येत होता, शेवटी तिच्या मैत्रिणीने तिचे कान हातांनी झाकले आणि टाळीची दिशा खांद्यावर बोट लावून सांगितली. मधल्या मुलाला शिवल्याबरोबर मैत्रिणीने हात काढले. ती दचकून पुढे पळाली, थेट भिंतीपर्यंत. सगळा वर्ग ओरडला. नंतर तिने विचारलं, मैत्रिणीने हात काढलेच नाहीत तर? आणि आधीपासून ठेवलेच नाहीत तर?

माशीवाला

त्या दोन्ही माशा माझ्याकडे आहेत. उद्या तीन छायाचित्रं पाठवतो, नावं न लिहिता. निरोगी गर्भाची चेतासंस्था शिडीसारखी दिसते. दोन उभे दांडे, आणि प्रत्येक खंडात त्यांना जोडणाऱ्या दोन पायऱ्या. एका छायाचित्रात दांडे आहेत, पायऱ्याच नाहीत. दुसऱ्यात पायऱ्या जाड होऊन मधोमध गोल झालेत. कुठल्या माशीत मैत्रिणीने हात ठेवलेच नव्हते आणि कुठल्या माशीत ते काढलेच नाहीत, हे तिलाच ओळखू द्या. एक इशारा द्या: हात म्हणजे कॉमिशरलेस, कान म्हणजे रोबो, आणि एका माशीला कानच नाहीत.